अंजूरच्या कोरड्या लेन

अंजूर, ता. भिवंडी
सोमवार, २० ऑगस्ट २००७

अहो,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईंचे गुडघे पावसाळ्यात दुखतात तसे दुखतायत, बाबांचा आवाज होता तेवढाच मोठा आहे आणि मी ठणठणीत आहे. तुम्हीही तिकडे बंगळूरला वेळेवर जेवत असाल असं धरून चालते. तुमचा फोन बंद लागतो म्हणून पत्र लिहायला घेतलं. बी.कॉम.च्या पेपरांनंतर पहिल्यांदाच एवढं लिहितेय, अक्षराला हसू नका.

आज सोमवार, म्हणून आपल्या बोलिंगच्या लेन बंद. आई झोपल्यात, बाबा दापोड्याला गेलेत. काउंटरवर बसूनच लिहितेय.

कामाचं आधी सांगते. तुम्ही संक्रांतीनंतर गेलात तेव्हा लेनला तेल लावायचं मशीन नुसतं खोकत होतं. आता ते पार बसलं. त्याचा पंप जळालाय असं भिवंडीचा मोटारवाला म्हणाला, आणि असा पंप आपण बापजन्मात बघितला नाही असंही म्हणाला. डब्यातलं तेल आम्ही काही दिवस फडक्याने पुसून लावत होतो. ते कुठे जास्त, कुठे कमी. मग तेही संपलं. मी बाबांना म्हटलं, दुसरा डबा मुंबईहून मागवू. तर म्हणाले, "जमिनीवर वताला त्याल इकत आनू? मना काय येड लागलंय?"

पुढचं वाचताना जवळ पाणी ठेवा. मी दोन दिवस माहेरी गेले होते, धामणकर नाक्याला. माझ्या मागे बाबांनी काल्हेरच्या बंदरावरून माशाच्या तेलाचा डबा आणला. होडीच्या लाकडाला लावतात ना, तेच. आपल्या आज्ज्याने त्यावर होडी वीस वर्षं टिकवली, तर या फळ्यांना काय होतंय, असं त्यांचं म्हणणं. स्वतः लुंगी खोचून चारही लेन रंगवल्यासारख्या माखल्या! मी रिक्षातून उतरले तर वास थेट रस्त्यापर्यंत आला होता. आत गावातली झाडून सगळी मांजरं. त्या दिवशी ठाण्याच्या एका कुटुंबातल्या पोराचा वाढदिवस होता. त्यांनी केक बाहेर ओट्यावर कापला, नाकाला रुमाल लावून "हॅपी बर्थडे" म्हटलं आणि निघून गेले. बॉल परत यायचे ते बुळबुळीत, हातात धरवेनात. बाबा मात्र म्हणत होते, "घसरतंय ना बॉल? मंग!"

मग आईंनी पदर खोचला. कढत पाणी, धुण्याचा सोडा, वर रॉकेल, आणि नारळाची किशी. आई आणि मी चार दिवस घासत होतो. वास गेला एकदाचा. पण फळ्यांवरचं होतं नव्हतं ते सगळं तेलही गेलं. आता आपल्या लेन वाळत घातलेल्या वाकट्या माशांसारख्या कोरड्या आहेत.

आणि कोरड्या लेनवर काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू? तुम्हीच मला शिकवलेलं की, पुढच्या भागात तेल असलं की बॉल घसरत जातो, आणि शेवटी तेल संपलं की पकडतो आणि वळून बरोबर पहिल्या पिनेच्या बाजूला शिरतो. आता तो सुटल्या सुटल्या पकडतो. अर्ध्या वाटेतच डावीकडे वळतो आणि पिना उजवीकडे उभ्या राहून बघत राहतात. ज्यांना मनगट वळवून टाकता येतं ते तर लेनच्या कडेच्या डाव्या गटरातच. ज्यांना काही येत नाही त्यांच्या थोड्याफार पडतात. म्हणजे आपली चांगली गिऱ्हाइकं चिडून गेली आणि पोरंटोरं तेवढी राहिली.

आता दुसरी गोष्ट. कोंडूशेठ दलाल रोज येऊन बसतो. त्याच्याकडे एक फ्रिजची पार्टी आहे, तिला हा गाळा गोदामासाठी हवा आहे. बाबा पहिले त्याला चहा पाजून घालवायचे. परवा ऐकलं, त्याला म्हणत होते, "दसऱ्यापरंत बघतू. पोरगा आला तर ठीक, न्हायतर फल्या उखडून टाकू."

तुम्ही म्हणाल, गोदाम तर गोदाम, आपली बाकीची तीन आहेतच की. खरं आहे. पण एक सांगते, रागावू नका. घरात मी सून आहे, आणि सून म्हणून माझं चांगलं चाललंय, आई जीव लावतात. पण इथे काउंटरच्या मागे उभी राहिले की मला माझं नाव असतं. लोक विचारतात, उन्नतीताई, तीन नंबर रिकामी आहे का? या लेन उखडल्या तर मी दिवसभर काय करू ते मला कळत नाही. भाकऱ्या किती थापणार? तुम्ही आणलेल्या या चार लेन मला हव्यात. बस, हे एवढंच लिहायला दोन पानं खर्ची घातली.

म्हणून दोन गोष्टी सांगा. पंप तिकडे मिळतो का? आणि नाहीच मिळाला, तर कोरड्या लेनवर बॉल कसा टाकायचा? तुम्ही तिथल्या मोठ्या बोलिंग सेंटरात रोज मशिनात असता, मोठमोठे खेळणारे बघत असाल. चार ओळी लिहून पाठवा. गिऱ्हाइकाला निदान सांगता तरी येईल.

कधी येणार ते विचारत नाही. काम संपलं की याल.

तुमचीच,
उन्नती


अंजूर
सोमवार, १ ऑक्टोबर २००७

अहो,

नमस्कार. पत्र मिळालं असणारच, कारण परत आलं नाही. उत्तरही आलं नाही. असो.

गणपती, गौरी छान झाल्या. आईंनी तुमच्या वाटणीचे मोदक शेजारी वाटले. विसर्जनाला बाबा नाचले नाहीत या वर्षी, नुसते बाजूने चालले. कुणी विचारलं की "पाय दुखतंय" म्हणायचे. त्यांचे पाय दुखत नाहीत, मला माहीत आहे, रोज गाळ्यापर्यंत चालत येतात.

तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून माझं मीच शोधलं. म्हणजे मी आणि वनिताने. आपल्या गावातली वनिता हो, दापोड्याच्या मोठ्या गोदामात ऑफिसला असते ती. संध्याकाळी ड्युटी सुटली की थेट इथे येते. दारातूनच ओरडते, "जय भीम मालकीणबाई, लेनी भिजल्या का?" मी म्हणते, नाही बाई, कोरड्याच. मग बाकी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघी टाकत बसतो.

पहिले मी तुमचाच बॉल घेतला, जांभळा. त्याला हात लावायला आधी धीर होत नव्हता. तुमच्या बोटांची भोकं, माझी बोटं त्यात खुळखुळ वाजतात. तरी वाटलं, तुमचा बॉल आहे, एवढा महागाचा आहे, तोच नीट जाईल. छे! तो वरून खरखरीत, मुद्दाम फळी पकडावी म्हणून केलेला. तेलावर तो राजा. कोरड्यावर तो सुटला की लगेच डावीकडे पळतो. मी हट्टाने आठवडाभर तोच टाकला. वनिता म्हणाली, "अगं, बॉलवर नवऱ्याचा राग काढतेस की लेनवर?" मी तिच्यावर चिडले. दोन दिवस बोललो नाही आम्ही.

मग एका दुपारी बाबांनी बॉल टाकला. हो, बाबांनी! काउंटरवर बसून बसून कंटाळले आणि उठले. रॅकवरचा साधा प्लॅस्टिकचा, गुळगुळीत, पोरांना देतो तो काळा बॉल उचलला. मनगट वळवणं, हात फिरवणं त्यांच्या गावीच नाही. खाडीत दगड भिरकावावा तसा जोरात सरळ टाकला. बॉल इकडे नाही, तिकडे नाही, गेला तो सरळ. सात पिना पडल्या. आमच्याकडे बघून म्हणाले, "यात काय हाय? कशाला रडतंव?" आणि परत जाऊन गिऱ्हाइकांच्या भाड्याच्या बुटांना पावडर मारत बसले.

मी आणि वनिता एकमेकींकडे बघतच राहिलो. त्या दिवशी मी तुमचा जांभळा बॉल पिशवीत घालून कपाटात ठेवला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ठेवला.

तेव्हापासून आम्ही साध्या बॉलने टाकतो. आणि जमायला लागलंय. काय काय केलं ते लिहिते, तुम्हालाही कधी उपयोगी पडेल. बॉल गुळगुळीत हवा, म्हणून माझ्या भावाकडून गाडीचं पॉलिश आणलं आणि सगळे रॅकवरचे बॉल चमकवले. फळीला पकडायला काही मिळालंच नाही पाहिजे. दुसरं, मनगट वळवायचं नाही. हात मिळवायला पुढे करतो तसा सोडताना वळतो ना, तो वळू द्यायचा नाही, तळवा बॉलच्या मागे ठेवून सरळ पुढे जाऊ द्यायचा. हे सगळ्यात कठीण. एकदा वळवायची सवय लागली की हात ऐकत नाही. मी तर मनगटाला ओढणी घट्ट बांधून टाकत होते, आई म्हणाल्या, "काय लागलं काय?"

तिसरं, जोर. हळू टाकला तर त्याला वळायला वेळ मिळतो. म्हणून बॉल आधी छातीपर्यंत वर धरायचा, पावलं जरा भरभर टाकायची, की आपोआप वेग येतो, दंडाने ढकलावं लागत नाही. आणि सोडताना रेषेच्या पलीकडे जरा पुढे टेकवायचा, म्हणजे तेवढी कोरडी फळी वाचते. आपटायचा मात्र नाही, फळीला खड्डा पडतो. वनिताने एक पाडलाय, दोन नंबरच्या लेनवर. बाबांना अजून माहीत नाही.

आणि एवढं करून थोडा वळलाच, तर स्वतः डावीकडे सरकून उभं राहायचं. फळीवरच्या बाणांपैकी नेहमीचा सोडून आतल्या बाणावरून टाकायचा. बॉल वळणारच असेल तर वळू दे म्हणायचं, आपण त्याच्यासाठी जागा ठेवायची.

हे सगळं गिऱ्हाइकांना पण सांगायला लागले. काही ऐकतात. काही म्हणतात, लेन खराब आहे, बहाणे कसले देता? एक जण तर म्हणाला, "दीदी, तेल डालो ना, लेक्चर मत दो." तेही त्याचं बरोबरच आहे.

वनिताने एक डोकं लढवलंय. दापोड्याच्या गोदामांतल्या लोकांच्या टीम करायच्या आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, स्पर्धा ठेवायची. मी बाबांना विचारलं. आधी त्यांनी हातातले दोन जोड बूट पुसून ठेवले. मग म्हणाले, "त्या दिशी एक बी मानूस लेन खराब हाय बोलून निघून गेला ना, तर दुसऱ्या दिशी कोंडूला चावी देनार. मंग मना बोलू नको." मी म्हटलं, चालेल. तोंडाने म्हटलं खरं. एखादा तरी बोलणारच ना हो. इथे रोज बोलतात.

बाबांवर रागावू नका. ते वाईट नाहीत. गावात त्यांना लोक विचारतात, पोरगा कुठे? बंगळूरला मोठ्या सेंटरात मशीन शिकतोय असं ते सांगतात. छाती काढून सांगतात. मी बाजूला बॉल पुसत असते.

अजून एक लिहायचं होतं. राहू दे, पत्र जड होईल.

स्पर्धेला आलात तर बरं होईल. मशिनाला हात लावायला तुमच्याशिवाय कुणी नाही, पिना उभ्या करताना तीन नंबर अडकते, मी आतून काठीने ढकलते.

तुमची,
उन्नती


अंजूर
सोमवार, २२ ऑक्टोबर २००७

भावेश,

पहिल्यांदाच तुमचं नाव लिहिलं. लिहून बघितलं, काही झालं नाही.

काल दसरा झाला. सोन्याची पानं घेऊन सगळा गाव येऊन गेला. आता सगळं सांगते, आणि या वेळी काही मागे ठेवत नाही.

शनिवारी स्पर्धा होती. आठ टीम आल्या. दापोड्याची पोरं, दोन ड्रायव्हरांची टीम, वनिताच्या ऑफिसच्या बायका साड्या खोचून. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता आणि बुटांच्या काउंटरवर उभे होते. कोंडूशेठही आला होता, बरोबर त्या फ्रिजच्या पार्टीचा एक माणूस. दोघं कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसले, चावीची वाट बघत असल्यासारखे.

सकाळ बरी गेली. आपल्या गावातल्यांना मी आधीच शिकवलं होतं. दुपारी वनिताच्या गोदामाच्या मुंबईतल्या हेड ऑफिसची टीम आली. चार पोरं. स्वतःचे बॉल, स्वतःचे बूट, मनगटाला पट्टे. त्यांतला एक, तुषार नावाचा, बाबांकडून बूट घ्यायलाही थांबला नाही. पहिला बॉल टाकला त्याने, बघण्यासारखा टाकला, तुमच्यासारखाच हात. आणि बॉल अर्ध्यातून डावीकडे वळून गटरात. दुसराही तसाच. त्याच्या मित्राचाही तसाच. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "ही लेन आहे की रस्ता? चला रे, ठाण्याला जाऊ." आणि बॉल पिशवीत भरायला लागला.

बाकीच्या लेनवरचे खेळ थांबले. मी बाबांकडे बघितलं. ते हातातला बूट खाली ठेवत होते. कोंडूशेठ उठून उभा राहिला.

मी काउंटरच्या मागून बाहेर आले. म्हटलं, "थांबा. लेन खराब नाही, कोरडी आहे. दोन्हींत फरक आहे. मी टाकून दाखवते, मग जायचं तर जा." तो हसला. मी रॅकवरचा काळा बॉल उचलला. तो म्हणाला, "ताई, हा तर लहान मुलांचा बॉल आहे." मी म्हटलं, हो, तोच चालतो इथे.

सगळा अंजूर बघत होता. आई दारात उभ्या होत्या, आजूबाजूच्या बायका होत्या. घरच्या सुनेने कधी भरल्या गाळ्यात बॉल टाकला नव्हता. मी पंजाबी ड्रेसवर होते, तरी सूनच ना.

पहिला बॉल माझा भीतीने हळू गेला. हळू गेला की काय होतं ते लिहिलंच आहे मी तुम्हाला. मधल्या पिनेच्या तोंडावर आपटला. सात पडल्या, उजवीकडच्या तीन राहिल्या. ती पोरं हसली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, "घाबरतेस कना? दाब की जोर!"

मी डावीकडे सरकून उभी राहिले, पार टोकाला. बॉल वर धरला. पावलं भरभर टाकली आणि मनगट अजिबात वळू न देता तिरका सोडला. लेन ओलांडून उजवीकडे गेला आणि तिन्ही पिना घेऊन गेला. वनिता एवढ्या जोरात किंचाळली की बाहेरचा रिक्षावाला आत बघायला आला!

मग मी त्या तुषारला म्हटलं, आता तुम्ही टाका. मनगटाचा पट्टा काढा, तो तुमचा हात वळवायला मदत करतोय. तो थोडा वेळ घुटमळला. मग त्याने पट्टा काढला आणि रॅकवरचा काळा बॉल घेतला. पहिले दोन वाकडे गेले, तिसरा सरळ. चौथ्याला सगळ्या पडल्या. त्याने वळून माझ्याकडे बघितलं आणि पोरासारखा हसला. शेवटपर्यंत थांबले ते चौघंही. हरले, ड्रायव्हरांच्या टीमकडून हरले, आणि जाताना पुढच्या महिन्यातल्या सगळ्या शनिवारच्या दोन लेन बुक करून गेले. म्हणाले, अशी कोरडी लेन मुंबईत नाही, हात सुधारतो.

सगळे गेल्यावर कोंडूशेठ बाबांना म्हणाला, "केसरीनाथशेठ, मंग काय ठरवलंव? पार्टी थांबलीय."

बाबा म्हणाले, "गाला न्हाय देनार. चालू धंदा हाय."

"कोनाचा धंदा? पोरगा तर न्हाय तुमचा हितं."

"सुनंचा," बाबा म्हणाले आणि बूट पुसायला घेतले.

आता ते राहिलेलं लिहिते. मला जुलैपासूनच माहीत होतं, भावेश. पंपाचं विचारायला मी त्या बंगळूरच्या सेंटरला फोन केला होता. मॅनेजर म्हणाला, तो तर होळीलाच सोडून गेला. मशीन त्याला जमलं नाही, दोनदा मोडून ठेवलं, मी ओरडलो तर निघून गेला. कुठल्याशा कुरियरच्या गोदामात पॅकिंगला असतो म्हणे, राहतो त्याच खोलीवर. म्हणजे गोदाम नको म्हणून इथे लेन टाकल्यात आणि तिथे जाऊन गोदामातच शिरलात. फोन ठेवल्यावर आधी मला हसू आलं, मग खूप रडले. बाथरूममध्ये नळ सोडून.

हे माहीत असून मी तुम्हाला पंप विचारला, कोरड्या लेनचं विचारलं. वाटलं, तुम्ही स्वतःहून लिहाल. एवढंच, की उन्नती, मला नाही जमलं. मी कुणाला सांगितलं नसतं. दोन पत्रं गेली, तुम्ही लिहिलं नाही. बाबांना मी अजूनही सांगितलेलं नाही. तुम्ही निघताना ते म्हणाले होते, मशीन शिकूनच ये, न्हायतर त्वांड दाखवू नको. ते तुम्ही धरून बसलात. अहो, बाबा असं रोज काहीतरी बोलतात. तेच बाबा विसर्जनाला नाचले नाहीत.

मला तुमचा राग येतो. आठवणही येते, दोन्ही एकदम येतात आणि मग मला जेवण जात नाही. तुम्हाला लाज कशाची वाटते ते मला कळत नाही. मी अख्ख्या गावासमोर उभी राहिले, पोरं हसली, तरी मी मेले नाही. दुसरा बॉल असतोच की.

यायचं असेल तर या. मशीन येत नाही म्हणून तुम्हाला इथे कुणी हाकलणार नाही. पंप मिळो न मिळो, आणू नका, आमचं तेलावाचून चाललंय. बाबांना काय ते तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा, ते मी सांगणार नाही. आणि नसेल यायचं तर तसं लिहा. एक ओळ लिहा, पण लिहा. मी पंपाच्या नावाने पुन्हा पत्र पाठवणार नाही.

काल सकाळी लेनवर पूजा केली. सगळे बॉल ओळीने मांडले, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ पिना उभ्या करायच्या मशिनाला घातली. गेल्या वर्षी नारळ तुम्ही फोडलात. या वर्षी बाबा फोडतील असंच सगळ्यांनी धरलं होतं. बाबांनी नारळ हातात घेतला, शेंडी सोलली आणि माझ्यापुढे धरला. आई म्हणाल्या, "अवो, बायका नारल फोडत न्हाईत." बाबा म्हणाले, "ज्याचा धंदा त्यानं फोडाचा. मी निसता बुटं देतंय." आई खाली वाकल्या, जवळचे दोन बॉल बाजूला सरकवले, पाणी उडू नये म्हणून.

मी फोडला. दोन घाव लागले, दुसऱ्याला फुटला.

प्रसाद सगळ्यांना वाटला. खोबऱ्याचा एक तुकडा आईंनी तुमच्या नावाने वाटीत बाजूला ठेवला होता. संध्याकाळपर्यंत तो तसाच होता. दिवे लावायच्या वेळी आईंनी वाटी माझ्यासमोर सरकवली. मी खाल्ला.

उन्नती